खांद्याचं माप

रात्री साडेअकराला फोन. तिकडं दुपार.
निशिकांत विचारतो, मामा, कुठली घेऊ?
तीनशे आठ, की तीस-शून्य-सहा?
दुकानदार म्हणतो मॅग्नमच घ्या,
मूस आहे, साधं हरीण नाही.

मूस म्हणजे काय, मी आधी ते विचारतो.
सांबराच्या दुप्पट, मामा. शिंगं सुपासारखी पसरट.
गुडघाभर दलदलीत उभं राहून
पाण्याखालचं गवत खातं.

चाळीस वर्षं मी सदरला, तय्यबअली सेठच्या दुकानात
बोल्ट घासले, अक्रोडाच्या दस्त्यांना जवसाचं तेल चोळलं.
गिऱ्हाईक म्हणजे बँकेचे वॉचमन,
वरातीत हवेत बार काढणारे सावनेरचे दोन भाऊ,
आणि निवडणूक लागली की
ठाण्यात बंदूक जमा करून
पावती घडी घालून खिशात ठेवणारे म्हातारे लायसनदार.
सांबरासाठी रायफल दाखवा, असं म्हणणारा
बहात्तरनंतर एकही आला नाही.
आला असता तर सेठनं चहा पाजून परत धाडला असता.

हात विसरत नाही, बाप्पा.

सांगतो त्याला: तीनशे आठ आखूड, हलकी,
झुडपातून काढायला बरी.
तीस-शून्य-सहा जड गोळी जरा ऐटीत नेते.
तुझ्या मूसला दोन्हींतला फरक कळणार नाही.
मॅग्नम मात्र तुला लाथ घालेल.
दोन बार झाले की तिसऱ्याला तू डोळे मिटशील,
आणि मिटल्या डोळ्यांची गोळी
पोटात लागते.

पोटात, हे मी मोठ्यानं बोललो असेन.
आतून सुमती विचारते, काय झालं?

एकाहत्तरचा जानेवारी. देवलापारच्या पुढं, परमिटचा ब्लॉक.
मी सोळाचा, डबा आणि काडतुसं वाहायला.
साहेबांची कोरी तीनशे पंचाहत्तर, वर जर्मन दुर्बीण,
माझ्या बापाच्या वर्षाच्या पगाराइतकी.
एकच बार झाला. सांबर गेलं.
फागू उईकेनं धावड्याच्या पानावरचं रक्त बोटावर घेतलं,
हुंगलं, म्हणाला, हिरवं आहे यात.
साहेब जीपकडं वळले. रात्री क्लबात जेवण होतं.
आम्ही दोघं दीड दिवस चाललो.
नाल्यात बसलेलं सापडलं, मान अजून वर,
कान आमच्याकडं.
फागूजवळ ठासणीची होती, तारेनं बांधलेली,
सेठनं दुरुस्तीलाही घेतली नसती अशी.
दहा पावलांवरून, कानामागं.
मग त्यानं तंबाखू मळली
आणि खाल्लीच नाही.

हे मी फोनवर सांगत नाही.
सांगतो: डोळे मिटून बट खांद्याला लाव.
उघडलेस की नजर थेट दुर्बिणीत पडली पाहिजे,
मान न वाकवता.
तिथला जाड कोट घालून लाव, कोट बोटभर जागा खातो.
आणि बार झाल्यावर किती चालशील, ते आधी ठरव.

बार झाल्यावर? तो म्हणतो. चालायचं कशाला?

मी उत्तर शोधेतो तो दुसरंच सांगू लागतो.
तिकडं नारिंगी जाकीट घालावंच लागतं, कायदा आहे.
जनावराला तो रंग दिसत नाही,
माणसांना माणसं दिसावीत म्हणून.
मला हसू येतं. म्हणजे अख्खा कळमना बाजार
अंगावर घेऊन फिरशील की बे!
तोही हसतो. मग पुन्हा: पण मामा, तुम्ही कुठली घेतली असती?

गॅलरीत जाळी काढायचा बांबू उभा आहे.
मोबाइल कठड्यावर ठेवतो, स्पीकर लावून.
बांबू खांद्याला.
गड्डीगोदामच्या पुलावरचा एक दिवा टोकावर घेतो.
अर्धा श्वास सोडतो, अर्धा धरतो.

मामा? आहात ना?

आहे रे.
थांब जरा.
दिवा अजून हलतोय.